वसईचे विजेते श्रीमंत चिमाजी अप्पा

अंबरनाथचे प्राचीन शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मध्ये उभे राहिले. त्या वेळी ठाणे ही शिलाहारांची राजधानी होती आणि मुम्मुणी हा राजा उत्तर कोकणावर राज्य करीत होता. शिलाहार गेले, देवगिरीचे यादव आले. यादव गेले, सुलतानांचा अंमल आला. किनाऱ्यावर पोर्तुगीज उतरले. कल्याणच्या परगण्यावर निजामशाही, आदिलशाही, शिवछत्रपती आणि मोगल अशा सत्ता एकामागून एक आल्या. वालधुनीच्या काठचे देऊळ मात्र जागचे हलले नाही.

राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करीत खाडीला मिळते आणि वसईपाशी समुद्रात शिरते. बोरघाटाने देशावरून उतरणारी वाटही याच खोऱ्यात येते. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर हे नाव पडले, असे लोक सांगतात. घाट, नदी आणि बंदर या तिन्ही गोष्टी ज्याच्या हाती त्याच्या हाती कोकण, हे प्रत्येक सत्तेने ओळखले होते. हा मुलूख परकीयांच्या हातून सोडविण्यासाठी ज्या पुरुषाने आपले आयुष्य झिजविले, त्या चिमाजी अप्पांचे चरित्र देवळाच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी ग्रामस्थांनी व दात्यांनी आठवावे असे आहे.

घराणे व बालपण

चिमाजी अप्पा हे भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे पुत्र. मातोश्रींचे नाव राधाबाई. भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे बाळाजीपंतांना कोकण सोडून घाटावर यावे लागले. परक्या सत्तेचा जाच म्हणजे काय हे या घराण्याने स्वतः भोगले होते.

छत्रपती शाहू महाराजांनी इ. स. १७१३ मध्ये बाळाजीपंतांना पेशवेपद दिले. बाळाजीपंत दिल्लीस गेले आणि १७१९ साली त्यांनी बादशहाकडून स्वराज्याच्या, चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. कागदावर हक्क मिळाला, परंतु हक्क वसूल करावयाचा तर घोडदळ हवे, ठाणी हवीत आणि सतत जागरूक माणसे हवीत. हे काम पुढे त्यांच्या दोन पुत्रांच्या वाट्यास आले.

एप्रिल १७२० मध्ये बाळाजीपंत सासवडास वारले आणि थोरले पुत्र बाजीराव वयाच्या विसाव्या वर्षी पेशवे झाले. याच सुमारास कल्याण मोगलांकडून पुन्हा मराठ्यांच्या हाती आले. शिवछत्रपतींनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली होती. मधल्या काळात ती पुन्हा मोगलांकडे गेली होती. आता अंबरनाथ-बदलापूरचा हा टापू स्वराज्यात आला. खाडीपलीकडे मात्र ठाणे, साष्टी आणि वसई फिरंग्यांच्याच ताब्यात होती.

बाजीरावांची उजवी भुजा

बाजीराव दूरच्या स्वाऱ्यांवर असत. पुण्याचा कारभार, पैशाची जुळवाजुळव, सरदारांचे रुसवेफुगवे आणि सातारच्या दरबारातील हालचाली यांकडे अप्पा लक्ष देत. अप्पांची प्रकृती नाजूक होती. खोकल्याच्या विकाराने ते वारंवार हैराण होत. स्वभाव शांत, हिशेबी आणि व्यवहारी. तरीही वेळ येताच ते स्वतः तलवार घेऊन उभे राहत.

नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यात आमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी मोगल सुभेदार गिरधरबहादूर आणि त्याचा नातलग दयाबहादूर यांचा पराभव केला. दोघेही रणांगणी पडले. माळव्याचा दरवाजा मराठ्यांना येथे उघडला. पुढे १७३० साली गुजरातचा सुभेदार सरबुलंदखान याच्याकडून त्यांनी चौथाईचा करार करून घेतला. याच वर्षी ऑगस्ट महिन्यात त्यांना पुत्र झाला, तो सदाशिवराव, पुढे पानिपतावर गाजलेला भाऊ. पुत्रजन्मानंतर थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई निवर्तल्या. पोरक्या बाळाला आजी राधाबाईंच्या स्वाधीन करून अप्पा पुन्हा कामास लागले.

एप्रिल १७३६ मध्ये रेवसजवळ सिद्दी सात याच्याशी गाठ पडली. या सिद्दीने १७२७ साली चिपळूणजवळचे श्रीपरशुरामाचे देवस्थान लुटले होते. तेथील ब्रह्मेंद्रस्वामी हे शाहू महाराज व पेशवे या दोघांचेही गुरू. लढाईत सिद्दी सात मारला गेला. ज्या सत्तेमुळे भट घराण्याला जन्मभूमी सोडावी लागली, तिचा कणा त्याच घराण्यातील मुलाने मोडला.

फिरंगाण

पोर्तुगीजांनी वसई लढून घेतली नव्हती. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगलांच्या भीतीने अडचणीत सापडला असता डिसेंबर १५३४ मध्ये त्याने तहाने वसई व तिच्याखालचा मुलूख त्यांना दिला. तेव्हापासून दोनशे वर्षे हा प्रांत त्यांच्याकडे राहिला. मुंबईचे बेटही त्यांचेच होते. १६६१ साली राजकन्येच्या विवाहात ते इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून गेले आणि १६६८ मध्ये त्या राजाने ते वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. कोणी तहाने मुलूख मिळवितो, कोणी लग्नात मिळवितो, कोणी भाड्याने घेतो. रयतेला मात्र कोणी विचारीत नाही.

पोर्तुगीजांच्या राज्याची घडी समुद्रावर बसविलेली होती. किनाऱ्याला किल्ल्यांची रांग आणि समुद्रात सशस्त्र गलबते. त्यांचा परवाना घेतल्यावाचून कोणाही व्यापाऱ्याला जहाज हाकारता येत नसे. गावे पोर्तुगीज सरदारांना व पाद्र्यांच्या मठांना तोडून दिलेली होती. त्यांनी ठरलेला फाळा भरावा आणि प्रसंगी माणसे पुरवावी, अशी अट होती. वसईच्या कोटात दगडी वाडे, चर्च आणि मठ उभे राहिले. या वैभवाचा पैसा गावांतून येई.

देवळे पाडली गेली. आपल्या धर्माप्रमाणे उघडपणे लग्नकार्य करणेही कठीण झाले. धर्मसभेचा धाक गोव्यापासून वसईपर्यंत होता. पिढीजात वतने गेली. खुद्द पोर्तुगालचे बळ मात्र ओसरत चालले होते. किल्ले मोठे आणि शिबंदी थोडी, अशी स्थिती झाली. रयत मनाने तुटलेली होती, त्यामुळे भिंती कितीही जाड असल्या तरी राज्य आतून पोकळ झाले होते.

अशा वेळी भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांनी पेशव्यांशी गुप्त संधान बांधले. खाडीचे उतार कोठे आहेत, भरती-ओहोटीच्या वेळा कोणत्या, कोणत्या ठाण्यात किती माणसे आहेत, ही माहिती स्थानिक माणसांवाचून मिळणे शक्य नव्हते. वसईच्या विजयाचा पाया या भूमिपुत्रांनी घातला, हे विसरता कामा नये.

ठाण्याचा कोट

पोर्तुगीजांनी ठाण्यास नवा मजबूत कोट बांधावयास घेतला होता. तो पुरा झाला असता तर खाडी कायमची बंद झाली असती. म्हणून कोट अपुरा असतानाच घाव घालावयाचे ठरले. मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांच्या फौजा रातोरात साष्टीत उतरल्या आणि ठाणे घेतले. पाठोपाठ वांद्रे, वेसावे अशी काही ठिकाणे वगळता सारी साष्टी हाती आली. अर्धवट राहिलेला तो कोट मराठ्यांनी पुरा केला. याच कोटात पुढे ठाण्याचा तुरुंग झाला.

वसई मात्र पडली नाही. त्या वर्षी केलेले हल्ले पोर्तुगीजांनी परतवून लावले. वसईच्या कोटाला तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूस वाळूची जमीन. मराठ्यांचे बळ घोडदळात, आणि घोडदळाने तट चढता येत नाही. त्यातच बाजीराव भोपाळकडे निजामाशी झुंजत असल्याने कोकणात पुरेशी फौज मिळेना. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीज सेनापती पेद्रो द मेलो याने ठाणे परत घेण्याचा यत्न केला. त्या लढाईत तो तोफेच्या गोळ्याने ठार झाला.

वसईचा वेढा

आता अप्पांनी जुन्या चुका सुधारून नवा डाव मांडला. आधी वसईचे हातपाय तोडावयाचे, मग गळ्याला हात घालावयाचा. जानेवारी १७३९ पासून माहीम, शिरगाव, तारापूर, अशेरी ही ठाणी एकेक करून घेतली. तारापूरच्या तटावर बाजी भीवराव रेठरेकर हा खंदा वीर कामी आला. दुसरीकडे व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे नरगुंदकर यांनी खुद्द गोव्याच्या साष्टीत फौजा घातल्या. त्यामुळे गोव्याहून वसईला मदत येण्याची आशा संपली.

फेब्रुवारीच्या मध्यास वसईला वेढा पडला. शंकराजी केशव फडके, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, रामचंद्र हरी पटवर्धन यांच्यासारखे सरदार वेढ्यात होते. याच वेळी इराणचा नादिरशहा दिल्लीवर चालून आला. मोगल बादशाही हादरली. बाजीराव उत्तरेच्या वाटेवर फौजेची वाट पाहत होते आणि मराठ्यांची निवडक फौज वसईच्या वाळूत अडकलेली होती. वेढा उठवावा की नेटाने चालवावा? उठवला तर दोन वर्षांचे रक्त वाया जाणार आणि साष्टीही पुन्हा धोक्यात येणार. अप्पांनी वेढा चालू ठेवला.

कोटाच्या आत पोर्तुगीजही शर्थीने लढले. त्यांचा किल्लेदार सिल्व्हेरा द मेनेझिस पडला तरी त्यांनी धीर सोडला नाही. मुंबईकर इंग्रजांकडे त्यांनी मदत मागितली. इंग्रजांनी थोडी दारू दिली आणि चर्चमधील चांदी व पितळी तोफा गहाण ठेवून थोडी रक्कम दिली. अधिक काही देण्यास ते तयार नव्हते. शेजाऱ्याचे घर जळत असता आपल्या वखारीचा हिशेब पाहणे हे व्यापारी सत्तेचे धोरण होते.

बेलदारांनी व सुरुंगकऱ्यांनी वाळूतून तटाखाली भुयारे खणली. मे महिन्यात सुरुंग उडविण्यात आले. काही उडाले, काही उशिरा उडाले आणि त्यांत चढणारी आपलीच माणसे गाडली गेली. खिंडारातून घुसलेल्या तुकड्या पुन:पुन्हा मागे रेटल्या गेल्या. आता वसई हाती येत नसेल तर निदान आपले शिर तोफेच्या तोंडी देऊन कोटात फेकावे, असे अप्पांनी सरदारांना बजावल्याची कथा परंपरेने चालत आली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग, पुन्हा चढाई. अखेर मराठे बुरुजावर पाय रोवून राहिले. आत दारूगोळा व अन्न संपत आले होते. पोर्तुगीजांनी तहाचे निशाण दाखविले. तीन महिन्यांचा वेढा फळास आला.

या विजयाची किंमत फार मोठी होती. मराठ्यांची हजारो माणसे वसईच्या वाळूत पडली. त्यांत घाटावरचे मावळे होते, कोकणातले कोळी, भंडारी, आगरी होते. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही कागदावर उतरली नाहीत.

विजयातील विवेक

विजयानंतर अप्पांनी जे केले ते त्यांच्या मोठेपणाचे खरे प्रमाण होय. शरण आलेल्या शिबंदीला शस्त्रांसह, निशाणे फडकवीत, वाद्ये वाजवीत बाहेर पडू देण्यात आले. रहिवाशांना आपली चीजवस्तू नेण्यास मुभा दिली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक तहात लिहून दिली. ज्या सत्तेने देवळे पाडली तिच्यावर विजय मिळवूनही अप्पांनी सूडाचा मार्ग धरला नाही. वसईचा ख्रिस्ती समाज आजही आपल्या गावी मराठी बोली बोलत नांदतो आहे.

विजयाचा आनंद मात्र देवाच्या दारी साजरा झाला. वज्रेश्वरीची परंपरा सांगते की, वसई घेण्यापूर्वी अप्पांनी देवीला नवस केला होता आणि विजयानंतर तेथे मंदिर बांधले. वसईच्या चर्चमधील मोठाल्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, मेणवलीचा घाट अशा ठिकाणी त्या आहेत. परदेशात ओतलेल्या त्या घंटा पुढे सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत आरतीच्या वेळी वाजू लागल्या.

मुलूख सांभाळणे

वसई, साष्टी आणि सुमारे ३४० गावे मराठ्यांच्या अमलाखाली आली. शंकराजी केशव वसईचे सरसुभेदार झाले. पेशव्यांनी वसईस आरमार उभे केले. इंग्रजांनी लगेच जुलै १७३९ मध्ये कॅप्टन इंचबर्ड यास पाठवून अप्पांशी व्यापाराचा तह केला. वरून स्नेहाच्या गोष्टी चालल्या होत्या, पण मुंबईत लगोलग शहराभोवती खंदक खणावयास घेतला. त्यासाठी तेथील व्यापाऱ्यांनीच तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. मराठ्यांच्या तलवारीचा धसका मुंबईने किती घेतला होता याचे हे मोजमाप होय.

अप्पांना मात्र हे यश फार काळ पाहता आले नाही. एप्रिल १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव अकस्मात वारले. मस्तानीच्या प्रकरणावरून घरात कटुता आली होती आणि ती पुरती निवळण्याआधीच थोरला भाऊ गेला. अप्पांनी दुःख गिळून पुतण्या नानासाहेब यांस शाहू महाराजांकडून पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली. पोर्तुगीजांशी झालेल्या तहाने चौल व कोर्लई हीही ठाणी त्याच वर्षी सुटली. झिजलेले शरीर मात्र आता साथ देईना. १७ डिसेंबर १७४० रोजी पुण्यात अप्पांनी देह ठेवला. द्वितीय पत्नी अन्नपूर्णाबाई त्या काळच्या रूढीप्रमाणे सती गेल्या. ओंकारेश्वराजवळ अप्पांची समाधी आहे.

जे मिळविले ते का गेले

अप्पांचे चरित्र येथे संपते. त्यांनी मिळविलेल्या मुलखाची कथा मात्र पुढे चालू राहते, आणि तीच खरी विचार करावयास लावणारी आहे.

कल्याणास रामाजी महादेव बिवलकर यांच्यासारखे कर्तबगार सरसुभेदार काही काळ लाभले. पण समुद्रावरचे बळ घटत गेले. आंग्र्यांशी वैर वाढले आणि १७५६ साली नानासाहेबांच्या संमतीने इंग्रजांनी विजयदुर्गास तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. किनाऱ्याचे कुंपण आपणच पेटवून दिल्यासारखे झाले. १७६१ मध्ये अप्पांचे एकुलते पुत्र सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला आणि पेशव्यांच्या घरातच फूट पडली. ती संधी साधून डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा कोट घेतला. मार्च १७७५ मध्ये गादीच्या लोभाने रघुनाथरावांनी सुरतेच्या तहात वसई व साष्टी इंग्रजांना देण्याचे कबूल केले. चुलत्याने हजारोंचे रक्त सांडून मिळविलेला मुलूख पुतण्याने कागदाच्या एका तुकड्यावर लिहून दिला.

१७८० साली इंग्रजांच्या फौजा या खोऱ्यातच शिरल्या. कल्याण त्यांनी घेतले. मलंगगडाला वेढा घालून खालची माची घेतली, पण वरच्या बालेकिल्ल्यातील शिबंदी दबली नाही. अंबरनाथ-बदलापूरकरांना रोज दिसणारा तो डोंगर या झुंजीचा साक्षी आहे. त्याच वर्षी डिसेंबरात गॉडर्डने वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, साष्टी गेली ती गेलीच. ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि स्वातंत्र्य गहाण टाकले. १८१७ मध्ये उत्तर कोकण इंग्रजांकडे गेला आणि पुढल्याच वर्षी पेशवाई बुडाली. इंग्रजही १९४७ साली गेले. दोन वर्षांनी फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी बांधवांच्या वस्तीला याच नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले.

पोर्तुगीज गेले कारण रयत त्यांची नव्हती. मराठ्यांनी रयतेच्या साह्याने मुलूख मिळविला, पण घरातील एकी आणि समुद्रावरील सामर्थ्य टिकविता न आल्याने तो गमावला. इंग्रजांनी दोघांच्याही चुका पाहिल्या आणि धीराने वाट पाहिली. मुलूख घेण्यास शौर्य लागते. तो राखण्यास न्याय, हिशेब आणि एकोपा या तिन्ही गोष्टी पिढ्यान् पिढ्या लागतात. चिमाजी अप्पांच्या ठायी शौर्य व हे तिन्ही गुण एकत्र होते, म्हणूनच त्यांचे नाव वसईच्या तटापेक्षा टिकाऊ ठरले.

गावाच्या देवळालाही हाच न्याय लागू आहे. ते एका पिढीने बांधावे आणि पुढच्या प्रत्येक पिढीने राखावे. वाड्या-वस्त्यांनी एक होऊन, कोणी पैसा, कोणी दगड-वाळू, कोणी श्रम देऊन जीर्णोद्धार सिद्धीस नेला. वसईच्या वाळूत पडलेल्या त्या अनामिक वीरांप्रमाणेच ज्यांनी नाव न सांगता हातभार लावला, त्या सर्वांना श्रींचा कृपाप्रसाद लाभो. हा एकोपा पुढेही असाच नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.